सवाईची रात्र आणि अब्बांचे कान

गेल्या महिन्यात माझी लेक कॉलेजातून घरी आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. पुण्यात कुठल्याशा गायकाचा मोठा कार्यक्रम आहे, वर्गातल्या चौघी जाणार आहेत, तिकिटाचे पैसे तिने साठवलेत, फक्त माझा होकार हवा. मी नेहमीचे उत्तर दिले, "रात्रीचे? एवढ्या गर्दीत? बघू."

"बघू" म्हणजे नाही, हे आपल्या घरांतल्या मुलींना चांगले माहीत असते. तिचे तोंड उतरले. कॉटवर बसलेल्या माझ्या अब्बांनी विचारले, "काय म्हणते?" त्यांच्या कानाजवळ जाऊन, मोठ्याने, दोनदा सांगावे लागले. ऐकून ते हसले. म्हणाले, "तुझी अम्मी अकरा वर्षांची होती तेव्हा अख्खी रात्र गाणे ऐकून आली होती. आधी तिला विचार, तिला कोणी सोडले होते."

मग मला ती रात्र सांगावीच लागली. लेकीला सांगितली तीच आज तुम्हालाही सांगते.

साल १९९३, महिना डिसेंबर. आम्ही चिंचवड स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहत होतो. अब्बा प्रेस शॉपमध्ये होते. मूळ घर मिरजेचे. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, तंतुवाद्यांच्या कारखान्यात काम करायचे. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर जातो हे तुम्ही ऐकले असेल. तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारे बनवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या लोकांनी, एकोणिसाव्या शतकात हा हुन्नर उचलला. फरीदसाहेब हे त्यातले पहिले नाव. पुढे आडनावच सितारमेकर झाले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचे, आणि बाकी सगळे हाताचे आणि कानाचे काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण अब्बांच्या तरुणपणी त्या कामात चार भावांचे पोट भरेना. ते पिंपरीला आले आणि तंबोऱ्याऐवजी पत्रा हाती घेतला.

तर त्या डिसेंबरात एका शनिवारी अब्बा फर्स्ट शिफ्ट करून घरी आले आणि अम्मीला म्हणाले, "आज रात्री सवाईला जातो. पोरीलाही नेतो."

अम्मीने भाकरी थापता थापता हात थांबवला. तिची काळजी एक नव्हती, तीन होत्या. पहिली, आदल्या वर्षीचा डिसेंबर. ६ डिसेंबर १९९२ नंतरचे दिवस आमच्या घरात कोणी विसरले नव्हते. रात्रीच्या वेळी पेठांमध्ये पोरीला घेऊन कशाला जायचे, हा तिचा प्रश्न होता. दुसरी, लोक काय म्हणतील. शेजारचे एक चाचा गाण्या-बजावण्याला सरळ नाजायज म्हणायचे. तिसरी, दुसऱ्या दिवशीची ड्युटी. आपल्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जगाचा रविवार, आमची फर्स्ट शिफ्ट.

अब्बांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, "ज्या बुवांच्या नावाने हे गाणे होते, त्यांचे उस्ताद आपल्या मिरजेच्या दर्ग्यात झोपलेत. मी परक्याच्या घरी चाललेलो नाही."

हे तेव्हा मला कळले नव्हते. पुढे वाचले तेव्हा कळले. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. त्यांचे गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ. मूळचे उत्तरेतल्या कैरानाचे, म्हणून ते किराणा घराणे. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात गायचे, आणि त्यांच्या पश्चात तिथे त्यांच्या आठवणीत गाणे होत आले. १९३७ मध्ये मद्रासहून जाताना त्यांना गाडीत त्रास होऊ लागला. सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले, फलाटावरच नमाज पढले आणि तिथेच त्यांचा इंतकाल झाला. दफन मिरजेला, दर्ग्याच्या आवारात.

त्यांचे शिष्य सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि १९५३ पासून पुण्यात हा महोत्सव सुरू झाला. तो वाढवला सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी. भीमसेनजी लहानपणी गाण्यासाठी घर सोडून पळाले, त्याचे कारणही खाँसाहेबांची एक रेकॉर्ड. गंगूबाई हनगळ आणि पारशी असलेले फिरोज दस्तूर हेही सवाई गंधर्वांचेच शिष्य. उस्ताद मुसलमान, शागीर्द हिंदू, त्याचा शागीर्द पारशी, आणि गळ्यात सुर एकाच घराण्याचा. अब्बा एका वाक्यात बोलले होते ते हे.

अम्मीने शेवटी तीन अटी घातल्या. इशा पढून निघायचे. पोरीचा हात सोडायचा नाही. आणि फजर चुकता कामा नये. मग तिने डब्यात चपाती-अंडे भरून दिले, घरातली जाड चादर दिली आणि मला कानटोपी घातली. लोकलने शिवाजीनगरला उतरलो, नवा पूल ओलांडला, शनिवारवाड्यावरून चालत रमणबागेच्या शाळेत पोहोचलो.

पहिल्यांदा नजरेत भरली ती माणसे. मला वाटले होते गाणे म्हणजे लग्नातल्यासारखा गोंगाट. इथे हजारो माणसे जमिनीवर बैठक मारून बसलेली. कोणी शाल गुंडाळून, कोणी थर्मास उघडून, कोणी लहान पोराला मांडीवर निजवून. आम्हाला जागा मिळेना. एका आजींनी आपली सतरंजी सरकवली. माझ्या अब्बांची दाढी-टोपी त्यांनी पाहिली होतीच. "या, पोरीला घेऊन इकडे बसा, तिथे वारा लागेल," एवढेच म्हणाल्या. अम्मीच्या पहिल्या काळजीला त्या सतरंजीवर उत्तर मिळाले.

मंचावर गायकाच्या मागे दोन तंबोरे उभे होते. अब्बांनी माझ्याकडे वाकून सांगितले, "हे आपल्या मिरजेचे. बघ कसा भोपळा घडवलाय." गाणे सुरू व्हायच्या आधी ते तंबोरेच वाजत राहिले. मला वाटले, मशीन चालू केले की जसा एक सलग आवाज येतो तसा, पण गोड.

तेव्हा अब्बांनी विचारले, "बेटा, जवारी ऐकू येते? तारेच्या वर, भुंग्यासारखी बारीक गुणगुण?"

जवारी म्हणजे काय, ते त्यांनी मला मिरजेला दाखवले होते. तार ज्या घोडीवरून जाते तिची पाठ कारागीर कानसने अगदी अंदाजाने घासतो, तारेखाली दोरा सरकवतो, आणि एका जागी तार नुसती वाजायची सोडून गुंजायला लागते. दादा त्या कामात वाकबगार होते. "जवारी हाताने काढत नाहीत, कानाने काढतात," असे ते म्हणायचे.

मी म्हटले, "येते ना, अब्बा. किती छान येते."

त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, "अजून येते?" मी पुन्हा हो म्हटले. मला वाटले, अब्बा माझी परीक्षा घेतात आणि मी पास होते आहे.

मधल्या रात्री मी त्यांच्या मांडीवर झोपले, पुन्हा उठले, चहा प्यायले. पहाट व्हायला आली तसा आलाप हळू झाला. अख्खा मांडव गप्प. एका जागी गायक थांबला आणि मागे नुसते तंबोरे राहिले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्याआधी असे मला फक्त एकदा झाले होते, रमजानमध्ये पहाटे लांबच्या मशिदीतली अजान वाऱ्यावर आली तेव्हा. दोन्हींची तुलना करत नाही, एका लहान मुलीच्या अंगावरचा काटा सांगते.

कार्यक्रम संपला नव्हता. सवाईची रीत अशी की अगदी शेवटी खुद्द सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची रेकॉर्ड लावतात आणि मग लोक उठतात. आम्ही त्याच्या किती तरी आधी उठलो. अब्बांची फर्स्ट शिफ्ट होती. नव्या पुलावरून चालताना अंधारात मागून सूर येत होता, हळूहळू पुसट होत गेला. पहाटेची लोकल पकडली. घरी अम्मी जागीच होती. अब्बांनी फजर पढली, चहा घेतला, डबा उचलला आणि प्रेस शॉपला गेले. तिन्ही अटी पाळल्या गेल्या होत्या. अम्मीने शेजारच्या चाचांना काय सांगितले, ते तिने मला कधी सांगितले नाही.

पुढे अब्बा सवाईला गेले नाहीत. मी दर वर्षी हट्ट करायचे, ते काही तरी कारण काढायचे. घरात टीव्हीचा आवाज वाढत गेला. अम्मी हाक मारायची, ते उत्तर द्यायचे नाहीत, ती चिडायची. आम्ही म्हणायचो, अब्बा हल्ली लक्षच देत नाहीत. माझ्या लग्नानंतर एकदा मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेले. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, वीस-बावीस वर्षे प्रेसजवळ उभे राहिल्याचा परिणाम आहे, गेलेले ऐकणे परत येणार नाही.

परतताना रिक्षात अब्बा म्हणाले, "मला माहीत होते. कानात शिट्टी वाजायला लागली होती. मिरजेला गेलो तर भावाने काढलेली जवारी मला लागेना. तार ऐकू यायची, गुणगुण यायची नाही. म्हणून त्या वर्षी तुला सवाईला नेले. तुला विचारत होतो ना, येते का म्हणून? मला येत नव्हती."

वाचक बहिणींनो, भावांनो, हे लिहिताना आजही हात थांबतो. मी परीक्षा समजत होते. ते खरेच विचारत होते.

आता थोडे कामाचे बोलते, कारण पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकणमधल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस रोज अशाच आवाजात उभा असतो. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या अतिशय नाजूक पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिल्यांदा जातात ते उंच, बारीक आवाज. म्हणून माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द स्पष्ट कळत नाहीत. पक्ष्याची शीळ, कुकरची बारीक सुरसुर, लहान मुलाचे बोलणे आधी हरवते. घरच्यांना वाटते, लक्ष देत नाही.

साधारण हिशोब असा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो. त्यावर दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटांवर येते. शेजारच्या माणसाशी हातभर अंतरावरून बोलायला ओरडावे लागत असेल, तर ती जागा कानाला घातक समजावी. आवाजामुळे येणारे बहिरेपण कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले आहे. तेव्हा दर वर्षी कानाची तपासणी मागण्यात लाज नाही, तो हक्क आहे. तपासणीचा कागद घरी आणून जपून ठेवावा.

माझा धाकटा भाऊ चाकणला आहे. त्याच्या गळ्यात प्लग लटकलेले असतात, कानात नसतात. "गरम होते, खाजते," म्हणतो. मी त्याला सांगते, अब्बांकडे बघ. फोमचा प्लग बोटांनी बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. एवढेच.

आणि कार्यक्रमांचेही तसेच. पूर्वी सवाई रात्रभर चालायची. आता ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे. ३० एप्रिल २०२३ ला पुण्यात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम दहा वाजले म्हणून थांबवण्यात आला, ती बातमी तुम्ही पाहिली असेल. वेळेवर मर्यादा आहे ते चांगलेच, पण दहाच्या आतला आवाजही कान घालवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. प्रत्येक आयोजक ती पाळेलच असे नाही. आपले कान आपणच सांभाळायचे.

गाणे ऐकावे की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. ते उलेमांनी सांगावेत, ती माझी जागा नाही. पण ज्या घरात ऐकतात त्या घरातल्या आईबापांना एवढे सांगेन की नुसते "बघू" म्हणू नका. अम्मीसारख्या अटी घाला. मुले अटी पाळतात. नकार मात्र ती चोरून मोडतात.

लेकीला मी हो म्हटले. अटी त्याच ठेवल्या. इशाची सोय बघायची, मामाने न्यायचे आणि आणायचे, फजर चुकवायची नाही. चौथी अट अब्बांनी घातली. निवृत्त होताना आणलेली, कधी न उघडलेली प्लगची पाकिटे त्यांच्या पेटीत होती. फोम जुना झाला असेल म्हणून त्यांनी मामाला नवी आणायला लावली.

ती रात्री अकराला परतली. अब्बा जागे होते. ती त्यांच्या मशीन लावलेल्या कानाशी बसली आणि काय काय ऐकले ते सांगत राहिली, सावकाश, एकेक शब्द मोठ्याने. ते मधूनच विचारत होते, "मग? मग काय वाजले?"