खर्डा, कोपर्डी आणि आपल्या हातातला मोबाईल

नोव्हेंबर २०१७ मध्ये आठवडाभराच्या आत नगरच्या न्यायालयातून दोन निकाल बाहेर पडले. २३ तारखेला खर्डा खून खटल्यातील सर्व आरोपी निर्दोष सुटले आणि २९ तारखेला कोपर्डी खटल्यातील तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा झाली. खर्डा जामखेड तालुक्यात, कोपर्डी शेजारच्या कर्जत तालुक्यात. विधानसभा मतदारसंघ एकच. खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढ्यावरून हे घडले, अशी फिर्याद होती. कोपर्डीत १३ जुलै २०१६ रोजी पंधरा वर्षांच्या मराठा मुलीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली लेकरे.

सोशल मीडियावर मात्र या दोन मृत्यूंचे वाचक वेगळे होते. कोपर्डीचा संताप फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरून काही दिवसांत महाराष्ट्रभर गेला आणि तो संताप रास्तच होता. आंबेडकरी संघटनांनीही त्या कृत्याचा निषेध केला होता. पण आरोपी दलित आहेत हे कळताच पोस्टचा रोख फिरला. तिघांच्या गुन्ह्यासाठी एक आख्खा समाज पिंजऱ्यात उभा केला गेला. ९ ऑगस्ट २०१६ पासून निघालेल्या मराठा क्रांती मोर्चांत कोपर्डीच्या न्यायाबरोबर ॲट्रॉसिटी कायद्यात बदलाचीही मागणी आली. कोपर्डीच्या मुलीला न्याय देण्यासाठी दलितांचे संरक्षण कमी करण्याची काय गरज होती, हा प्रश्न त्या गदारोळात कोण विचारणार?

आणि खर्डा? खर्ड्याच्या पोस्ट कुणी टाकल्या? आपणच. वाचल्या कुणी? त्याही आपणच. शिक्षकांचे ग्रुप, दहावीच्या बॅचचे ग्रुप, सोसायटीचे ग्रुप, आणि होय, आम्हा वकिलांचेही ग्रुप, जिथे सर्व जातींची माणसे एकत्र असतात, तिथे दलित अत्याचाराचा विषय निघाला की कुणीतरी पटकन लिहितो, ‘ग्रुपवर जातीयवाद नको.’ हाच सदस्य दुसऱ्या दिवशी ॲट्रॉसिटीच्या ‘खोट्या केसेस’चा मजकूर पुढे ढकलतो आणि तेव्हा ॲडमिनला जातीयवाद आठवत नाही. राजकीय पक्षपात म्हणजे केवळ मोदी विरुद्ध राहुल असे मानणाऱ्यांनी हे पाहावे. कोणते प्रेत पुढे पाठवायचे आणि कोणते गुपचूप पुसून टाकायचे, हा निर्णय पक्ष पाहून होत नाही. कंपनीचे यंत्र जास्त पाहिलेले जास्त पसरवते खरे, पण पहिला अंगठा माणसाचाच असतो आणि त्या अंगठ्याला जात असते.

याची किंमत वस्त्यांना मोजावी लागते. ऑक्टोबर २०१६ मध्ये नाशिक जिल्ह्यात अंजनेरीजवळ तळेगाव येथे एका बालिकेवर अत्याचाराचा प्रयत्न झाला. अफवा मोबाईलवरून पसरल्या, गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, सरकारला मोबाईल इंटरनेट बंद करावे लागले. त्या वस्त्यांतील माणसांचा त्या गुन्ह्याशी काय संबंध होता?

आता जरा आपल्या घरात पाहू. पाथर्डी तालुक्यातील जवखेडे खालसा येथे ऑक्टोबर २०१४ मध्ये एका दलित कुटुंबातील तिघांची निर्घृण हत्या झाली. तपास सुरू होताच आपल्याकडील काही उत्साही कार्यकर्त्यांनी आरोपींची जात फेसबुकवर जाहीर करून टाकली. डिसेंबरमध्ये पोलिसांनी नात्यातल्याच माणसांना अटक केली. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे प्रत्येक वकिलाला ठाऊक आहे. पण विरोधकांच्या हातात आयते कोलीत गेले ते गेलेच. त्यानंतरच्या खऱ्या फिर्यादींकडेही लोक संशयाने पाहू लागले.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला, कारण प्रस्थापित वृत्तपत्रांत अस्पृश्यांना जागा नव्हती. मोबाईलने आज प्रत्येकाच्या हाती एक पत्र दिले आहे. पण पत्र चालवायला संपादक लागतो आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःच व्हायचे आहे. गुन्हा क्रमांक, कलमे, पोलीस ठाणे, तारीख हाती नसेल तर पोस्ट टाकू नये. टाकली तर पुढच्या तपासात जे निघेल तेही टाकावे, आपल्याला अडचणीचे असले तरी.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्ये अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरविणारे लिखाण आणि आपल्या दिवंगत महापुरुषांचा अवमान हे गुन्हे ठरले. समाजमाध्यमावरील जातिवाचक अपमानही लोकांसमोर केलेला मानला जातो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. अशी पोस्ट दिसली की तिच्याखाली शिवीगाळ करत बसू नका. तारीख आणि खाते दिसेल असे चित्र काढून ठेवा, मूळ मोबाईल जपून ठेवा, पोस्टचा दुवा लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याशिवाय छापून आणलेले कागद न्यायालयात टिकत नाहीत.

खर्ड्याचा खटला पोस्ट कमी पडल्या म्हणून गेला नाही. महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले म्हणून गेला. साक्षीदाराला गावातच राहायचे असते, दळण तिथेच, किराणा तिथेच. पूर्वी चावडीवर जे बोलले जाई ते आता गावाच्या ग्रुपवर बोलले जाते, आणि त्या ग्रुपमध्ये तोही असतो. आपल्या हजार लाईक्सनी त्याला आधार मिळत नाही. त्याच २०१६ च्या दुरुस्तीतील कलम १५-अ ने साक्षीदाराला संरक्षण आणि प्रवासखर्च मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी विशेष न्यायालयात साधा अर्ज द्यावा लागतो, आणि तो द्यायला त्याच्यासोबत कुणीतरी जावे लागते. जिल्ह्यात ॲट्रॉसिटीचे जे खटले चालू आहेत, त्यांच्या तारखा प्रत्येक तालुका शाखेच्या वहीत आहेत काय? नसतील तर येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर ते काम हाती घ्यावे.