संगणकाची मेमरी : पैसे मोजण्याआधी समजून घेऊ



जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या भागांतील आपली कष्टकरी कुटुंबेही आता मुलामुलींसाठी संगणक जोडून घेऊ लागली आहेत. हा पैसा घामाचा असतो. म्हणून दुकानदाराने "मेमरी पाचशे जीबी" म्हणताच मान डोलवू नये. कोणती मेमरी, हे आधी विचारावे.

मेमरी मुख्यतः दोन प्रकारची. पहिली रॅम. ती स्वयंपाकाच्या ओट्यासारखी. काम चालू असेपर्यंत सामान तिच्यावर. वीज गेली की ओटा रिकामा. दुसरी साठवणीची, म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. हे कपाट. वीज गेली तरी त्यातले जागेवर राहते. पाचशे जीबी हे कपाटाचे माप. ओटा लहान असेल तर कपाट कितीही मोठे असो, संगणक रखडणारच. विंडोज ११ साठी रॅम किमान ४ जीबी लागते. अभ्यासासाठी आम्ही ८ जीबी सुचवू.

रॅमच्या पट्टीतही डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ असे प्रकार आहेत. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. मदरबोर्डला कोणती चालते ते पाहूनच पट्टी घ्यावी. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती साध्या संगणकाला चालत नाही. जुना संगणक फार मंद असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून पाहावी. बराच फरक पडतो. बिलावर रॅम किती व कोणती, एसएसडी किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे.

जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख दगडात कोरले गेले. ते आजही वाचता येतात. डिस्कचे तसे नाही, ती एखाद्या दिवशी अचानक बंद पडते. आपल्या मुलांच्या जात पडताळणीला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यासारखे १९५० पूर्वीचे पुरावे लागतात. असे कागद स्कॅन करून संगणकात ठेवावेत, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर काढून नातेवाइकांकडे द्यावी आणि मूळ कागद जपावेत.

आपल्याच जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून आलेले संदेश तेथेही संगणकच तपासतात आणि साठवतात. आपल्या लेकी त्या संगणकांपुढे बसाव्यात, ही आमची इच्छा. त्याची सुरुवात घरातला संगणक पारखून घेण्यापासून होऊ द्या.