टायर स्वस्त घ्या, पण शिळा घेऊ नका



ऊस विकास खात्याच्या माणसाने मोटारीच्या टायरवर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आपल्या कार्यक्षेत्रात आता बऱ्याच घरांपुढे चारचाकी उभी आहे. ती बहुधा सेकंड हँड घेतलेली असते आणि टायर बदलायची वेळ आली की पैसे नेमके पुढच्या हप्त्यात अडकलेले असतात. प्लॉट पाहणीला गेलो की बांधावर उसाबरोबर गाडीचाही विषय निघतो आणि एक वाक्य हमखास कानावर येते : "साहेब, शहरातून चार टायर आणले, नामांकित कंपनीचे, निम्म्या किमतीत. अजून निम्मी नक्षी शिल्लक आहे बघा."

माझे स्पष्ट मत आहे की हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, आणि आपल्या हवामानात धोक्याचाही आहे.

आपली गाडी मे महिन्यात पंढरपूर, तुळजापूर, सोलापूर करते. तिकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते. तीच गाडी जुलैत गगनबावड्याच्या नाहीतर आंबा घाटाच्या पावसात उतरते. त्यात आपल्या रस्त्यांची एक खास भर आहे. हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते. तिच्यावर वळवाची एक सर पडली की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. हे सगळे एकाच टायरला सोसायचे आहे.

आता बेण्याचे उदाहरण घेऊ. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, रसरशीत असावे, हे तुम्हाला मी सांगायला नको. खोडव्याचे, जुनाट बेणे कोणी फुकट दिले तरी जाणता शेतकरी लावत नाही. को-८६०३२ आहे एवढ्यावर तो भुलत नाही, वय विचारतो. मग टायर घेताना फक्त कंपनीचे नाव का पाहायचे? रबराला वय असते. ऊन आणि हवा लागून ते कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात. कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही, मग नक्षी कितीही खोल दिसो. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२५ असतील तर टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पाच-सहा वर्षे झालेला टायर जाणकाराला दाखवल्याशिवाय वापरू नये, आणि दहा वर्षांचा तर कसाही दिसत असला तरी काढून टाकावा. जुन्या टायरच्या दुकानात हे आकडे वाचून पाहा. पुष्कळ टायर आपल्या नातवाच्या वयाचे निघतील.

दुसरे असे की, २०२२ साली केंद्र सरकारच्या अधिसूचनेने टायरसाठी ओल्या रस्त्यावरील पकडीचे मानक बंधनकारक केले. त्याआधीच्या टायरची तशी कसोटी झालेली असेलच याची खात्री नाही. शिवाय कोणाच्या गाडीने तो कोणत्या खड्ड्यात आपटला, आतले धागे तुटलेत का, हे बाहेरून दिसत नाही. विकणारा वरून काळा रंग मारून चकचकीत करून देतो, तेव्हा तर मुळीच नाही.

हिशेबच करायचा तर किलोमीटरला करावा. नमुन्यादाखल धरा, नवा टायर ४,००० रुपयांना पडला आणि ४०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला १० पैसे. जुना २,००० ला आणला आणि १२,००० चालला, तर जवळजवळ १७ पैसे. स्वस्त कोणता? २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. ट्रॅक्टरच्या टायरवर तर तो ५ टक्केच आहे. "नवे परवडत नाहीत" ही सबब तेवढी तरी ढिली झाली.

नवा म्हणजे महागडाच घ्यावा असे नव्हे. आपल्या देशी कारखान्यांचे साधे, आय.एस.आय. शिक्क्याचे टायर आपल्या वापराला पुरतात. ताशी दोनशेने पळायचे कोणाला आहे? गाडीला मूळ जो नंबर आहे तोच घ्यावा. समजा १६५/८० आर १४ आणि पुढे ८५ टी असे लिहिले आहे. १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १४ इंचांची रिम. ८५ या अंकाचा अर्थ एक टायर ५१५ किलो पेलतो, आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. दुकानदार यापेक्षा कमी अंकाचा टायर "चालतोय की" म्हणून गळ्यात मारू लागला तर घेऊ नका. तरुण मंडळींना रुंद टायरची हौस असते. पण रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो आणि डिझेलही जास्त खातो.

पाण्यावर तरंगणे हीच पावसाळ्यातली खरी भीती. नक्षीच्या खाचांचे काम पाणी बाजूला काढण्याचे. खाच उथळ झाली की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो, मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. कायद्याने मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच लागते. खाचांच्या तळाशी रबराच्या लहान उंचवट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की समजावे टायर संपला. पण माझ्या मते ही मर्यादा उन्हाळ्यापुरती ठीक. पावसाळ्यात ३ मिलिमीटरच्या आत आलेला टायर घाटात नेऊ नये. मोजायला काही विशेष लागत नाही. काडेपेटीची काडी खाचेत घाला, नखाने खूण करा आणि पोराच्या पट्टीवर धरा.

आता ज्यांना चार एकदम घेणे जमत नाही त्यांच्यासाठी. दोन नवे घेतले तर कुठे बसवायचे? गॅरेजवाला पुढे बसवतो, आणि आपल्यालाही ते पटते, कारण इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. परंतु नवे टायर मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, आपल्याला ते हाताला कळते आणि ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा ताबा येतो. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणे तुमच्या-माझ्यासारख्याचे काम नाही. मागच्या पावसाळ्यात आपल्याच एका सभासदाची गाडी ओढ्याच्या पुलावर अशीच फिरून कठड्याला टेकली. पुढचे दोन कोरे, मागचे गोटा झालेले. आत घरची पाच माणसे होती. खरचटण्यावर भागले म्हणून ठीक. अर्थात मागचे राहिलेले जुने टायर पुढे आणताना तेही निदान पावसाळा काढण्याजोगे हवेत.

रिमोल्डविषयी विचारतात. ट्रकला चांगल्या ठिकाणी केलेले रिमोल्ड चालते. मोटारीला ते लावू नये असे माझे मत आहे. ट्रॉलीच्या टायरचा विषय वेगळा. तिथे दुखणे टायरचे कमी आणि वजनाचे जास्त आहे, त्यावर पुन्हा कधी.

राहिली हवा. उन्हाळ्यात टायर फुटला की आपण उन्हाला दोष देतो. बहुतेक वेळा दोष कमी हवेचा असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, आतल्या आत तापते. वर पाच माणसे, डिकीत दोन पोती आणि समृद्धीसारखा लांबच लांब काँक्रीटचा रस्ता, म्हणजे आणखी काय हवे! "ऊन आहे, हवा थोडी कमीच ठेवा" हा सल्ला तद्दन चुकीचा आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर जो आकडा दिला आहे, तेवढी हवा टायर गार असताना भरावी. गाडी चालून आल्यावर दाब चार-पाच पौंड वाढलेला दिसतो, तो काढू नये. नायट्रोजनचे पैसे द्यायचे असतील तर द्या, पण साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. स्टेपनीची हवाही पाहत जा.

हवा मोजायचा गेज आपल्या गट कार्यालयात ठेवला आहे. मृगाच्या आधी, सकाळी ऊन चढण्यापूर्वी गाडी घेऊन यावे. जाताना बाजूवरचे ते चार आकडेही तिथल्या मुलाकडून वाचून घ्यावेत.