बूट घेताना



मुलगी टेनिस खेळू लागली, तेव्हा मी तिला पळण्याचे बूट घेऊन दिले. दुकानदार म्हणाला, "खेळाचेच आहेत, साहेब." पंधरा दिवसांत तिचा घोटा मुरगळला. चूक माझीही होती. मी चौकशीच केली नव्हती.

आपल्या परभणीची ज्योती गवते 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. ती धाव सरळ पुढची. टेनिसमध्ये पाय सारखा आडवा पळतो, थबकतो, वळतो. तिथे पळण्याच्या बुटाची उंच, मऊ टाच कलंडते. टेनिसचा बूट बसका आणि कडेने भक्कम असतो; तळाचे रबर जाड असते.

कोर्टावरच्या मोठ्या खेळाडूंना विचारले. दहा-बारा हजारांचे बूट वापरणारा एक म्हणाला, "पकड चांगली, पण सुरुवातीला कडक लागतात." दुसरा म्हणाला, "काका, माझे पंजात आवळतात. घरीच पडून आहेत."

कारकुनाच्या सवयीने हिशेब मांडला. रोज खेळणाऱ्या मोठ्या माणसाला महाग बूट टिकले तर परवडतात. मुलांचा पाय वाढता. त्यांना मध्यम किमतीचे, पण टेनिसचेच घ्यावेत.

माप संध्याकाळी, खेळायचे मोजे घालून पाहावे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, टाच सुटू नये. "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून मोठे घेऊ नयेत.

मुलगी आता पुन्हा खेळते आहे. नवे बूट फक्त कोर्टावर घालते. रस्त्यावर तळ लवकर झिजतो.