विश्लेषण : सौदीने गहू सोडला, लातूरचा ऊस का सुटत नाही?

एप्रिल २०१६ मध्ये दोन घटना काही दिवसांच्या अंतराने घडल्या. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. २५ एप्रिलला सौदी अरेबियाने तेलावरचे अवलंबित्व कमी करण्याचा 'व्हिजन २०३०' हा आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी सौदी सरकारने आपल्या शेतकऱ्यांकडून गहू विकत घेणे थांबवले. कारण एकच होते, पाणी. एक वाळवंट आणि एक दुष्काळी पट्टा यांची तुलना वरवर विचित्र वाटते. मात्र लातूर आणि नांदेडच्या पाणीप्रश्नाकडे पाहताना ती उपयोगी ठरते.

सौदी अरेबियाची भौगोलिक स्थिती काय?

क्षेत्रफळ सुमारे २१.५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातपट. बारमाही वाहणारी नदी एकही नाही. दक्षिणेकडचे 'रब अल खाली' हे वाळूचे वाळवंटच साडेसहा लाख चौरस किलोमीटरचे आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३ कोटी २२ लाख, त्यात चाळीस टक्क्यांहून अधिक परदेशी. भारतीयांची संख्या मोठी असून त्यात मराठवाड्यातून गेलेले चालक, गवंडी, इलेक्ट्रिशियनही आहेत.

राजधानी रियाध समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर आत आणि सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. लातूरही बालाघाटच्या पठारावर जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे आणि अरबी समुद्रापासून साधारण तेवढेच दूर. फरक पावसाचा. रियाधला वर्षाला सरासरी १०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लातूरला ८०० मिलीमीटरच्या आसपास. नांदेडला त्याहून जास्त, शिवाय शहरातून गोदावरी वाहते. तरीही टँकर येतो तो इकडे.

तेलाने तिथे काय उभे केले?

मार्च १९३८ मध्ये दम्मामच्या सातव्या विहिरीत व्यापारी प्रमाणात तेल लागले. १९४८ मध्ये घवार हे जगातले सर्वांत मोठे तेलक्षेत्र सापडले. १९७३ च्या तेलकोंडीत एका पिंपाचा भाव तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला आणि देशाच्या हाती अचानक प्रचंड पैसा आला. १९८० पर्यंत अरामको ही तेल कंपनी पूर्णपणे सरकारी झाली.

या पैशातून बंदरे, रस्ते, शहरे उभी राहिली. होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडली तरी तेल बाहेर काढता यावे म्हणून पूर्व किनाऱ्यालगतच्या अबकैकपासून तांबड्या समुद्रावरच्या यानबूपर्यंत सुमारे १२०० किलोमीटरची वाहिनी टाकली गेली. मक्का-मदिना वेगवान रेल्वे २०१८ मध्ये, तर रियाधची १७६ किलोमीटरची मेट्रो २०२४ च्या अखेरीस सुरू झाली.

तरीही सरकारी महसुलातला सुमारे ६० टक्के वाटा २०२४ मध्ये तेलाचाच होता. भाव पडले की अंदाजपत्रक तुटीत जाते. म्हणूनच एकेकाळी करांचे नाव नसलेल्या या देशाने २०१८ मध्ये पाच टक्के मूल्यवर्धित कर लावला आणि २०२० मध्ये तो १५ टक्क्यांवर नेला. वाळवंटात १७० किलोमीटर लांबीचे सरळ रेषेतले शहर वसवण्याची 'द लाइन' ही योजनाही आखडती घ्यावी लागली.

पिण्याचे पाणी कुठून येते?

समुद्रातून. खारे पाणी गोडे करण्यात सौदी अरेबिया जगात आघाडीवर आहे. रास अल खैर येथील एकाच प्रकल्पातून दिवसाला सुमारे १०० कोटी लिटर पाणी मिळते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जुबैलहून रियाधपर्यंत सुमारे ४६० किलोमीटरच्या वाहिन्यांमधून ते चढवले जाते.

लातूरला पाण्याची रेल्वे ३४२ किलोमीटरवरून आली. सुरुवातीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणी आणि २५ लाख लिटर. शहराच्या लोकसंख्येने भागले तर माणशी पाच-सहा लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. त्याच काळात सौदीत दरडोई वापर २६३ लिटर होता. तो २०३० पर्यंत १५० वर आणण्याचे उद्दिष्ट तिथल्या सरकारला ठेवावे लागले आहे.

मग समुद्राचे पाणी मराठवाड्यात का आणू नये?

हा प्रश्न प्रत्येक उन्हाळ्यात विचारला जातो. त्याचे उत्तर गणितात आहे. एक हजार लिटर खारे पाणी गोडे करायला आजच्या तंत्राने साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. तेच पाणी ६०० मीटर वर चढवायला आणखी किमान दोन युनिट. म्हणजे साडेपाच युनिट. युनिटमागे आठ रुपये धरले तर नुसत्या विजेचा खर्च ४४ रुपये. प्रकल्प आणि वाहिनीचा खर्च वेगळा.

पिण्यासाठी हा दर जड असला तरी अशक्य नाही. शेतीचे काय? महाराष्ट्रात एक किलो साखर तयार होण्यामागे सुमारे दोन हजार लिटर पाणी लागते, असे कृषिमूल्य आयोगाची आकडेवारी सांगते. समुद्रातून आणलेल्या पाण्यावर ऊस पिकवला तर एका किलोमागे विजेचाच खर्च ८८ रुपये होईल. साखर किरकोळ बाजारात त्याच्या निम्म्या भावाने विकली जाते. मराठवाडा वॉटर ग्रिड असो, कोकणचे पाणी गोदावरी खोऱ्यात वळवण्याची योजना असो की उजनीचे पाणी लातूरला आणण्याची मागणी, पाणी लांबून आणि उंचावर आणायचे असेल तर हे गणित सुटत नाही. अशा योजना घरातल्या नळासाठी समर्थनीय ठरू शकतात. उसासाठी नाहीत.

सौदीच्या गव्हाची गोष्ट काय?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस सौदी सरकारने अन्नाबाबत स्वयंपूर्ण होण्याचा निर्धार केला. जागतिक भावाच्या कित्येक पट हमी दराने गहू खरेदी सुरू झाली. बोअर, पंप, बियाणे यांना अनुदान मिळाले. वाळवंटात गोल फिरणाऱ्या सिंचन यंत्रांखाली हिरवी वर्तुळे उमटली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन ४० लाख टनांवर गेले, म्हणजे देशाच्या गरजेच्या दुपटीहून अधिक. हा वाळवंटी देश गहू निर्यात करणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसला.

हे पाणी हजारो वर्षांपूर्वी खडकांत साठलेले होते. पावसाने ते पुन्हा भरत नाही. पातळी शेकडो फूट खाली गेल्यावर २००८ मध्ये सरकारने खरेदी दरवर्षी साडेबारा टक्क्यांनी कमी करण्याचे ठरवले. २०१६ मध्ये ती थांबली आणि देश आयातीच्या गव्हावर अवलंबून राहिला. पुढे मर्यादित प्रमाणात लागवडीला पुन्हा परवानगी मिळाली, पण जुने धोरण परतले नाही.

यात एक उपकथानक आहे. गव्हाची खरेदी आटू लागताच अनेकांनी त्याच पाण्यावर लसूणघास लावला. दुग्धव्यवसायाला चारा हवाच होता आणि लसूणघास गव्हापेक्षा जास्त पाणी पितो. शेवटी चाऱ्यावरही बंधने आली आणि तिथल्या मोठ्या दूध कंपनीने अमेरिकेतील ॲरिझोनात जमीन घेऊन घास पिकवायला सुरुवात केली. एका पिकावर बंदी घातली आणि पर्याय दिला नाही, तर पाणी दुसऱ्या वाटेने जाते.

लातूर-नांदेडशी त्याचा संबंध कसा?

सौदीत गहू पिकला तो मातीमुळे नव्हे, हमखास खरेदीमुळे. लातूर भागात ऊस टिकतो तोही त्याच कारणाने. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये आहे आणि ती देणे कारखान्याला कायद्याने बंधनकारक आहे. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये, तुरीचा ८,००० रुपये. पण व्यापाऱ्याने त्याच भावाने घ्यावे असे बंधन नाही. सरकारी केंद्र वेळेवर सुरू झाले, बारदाना मिळाला आणि ओलाव्याच्या अटीत माल बसला, तरच तो भाव पदरात पडतो. नाही तर आडतीवर मिळेल ती किंमत. अशा स्थितीत शेतकरी ऊस लावतो तो अडाणीपणाने नव्हे, हिशेब करूनच.

राज्यात लागवडीखालच्या क्षेत्राचा जेमतेम चार टक्के भाग उसाखाली असताना सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी त्याला जाते, हा आकडा अनेक सरकारी अहवालांत आला आहे. मराठवाड्यात ऊस आणि नवे कारखाने थांबवावेत, अशी शिफारस २०१९ मध्ये तत्कालीन विभागीय आयुक्तांनी राज्य सरकारला केली होती. त्याआधी २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय झाला होता. दोन्हींचा जमिनीवर फारसा परिणाम दिसला नाही.

त्यात इथेनॉलची भर पडली. आखातातून येणाऱ्या कच्च्या तेलाचे बिल कमी करण्यासाठी पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले. निती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालानुसार साखरेपासून एक लिटर इथेनॉल तयार करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. तेलाने समृद्ध वाळवंटाकडून होणारी खरेदी कमी करण्यासाठी इथे टँकरवर जगणाऱ्या तालुक्यांचे पाणी वापरले जाते. देशाच्या ताळेबंदात तेलाची बचत दिसते, पाण्याचा खर्च कुठेच लिहिला जात नाही.

नांदेडचे चित्र थोडे वेगळे आहे. विष्णुपुरी प्रकल्पामुळे शहराला आधार आहे. इसापूर धरणाच्या कालव्यावर अर्धापूरच्या केळीबागा उभ्या आहेत आणि ती केळी आखाती देशांतही जातात. केळ्याचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. पावसाळ्यात नदी वाहते तेव्हा अडवता येत नाही आणि अडवता येते तेव्हा प्रवाह ओसरलेला असतो. मुखेडसारख्या तालुक्याला तर गोदावरीचा थेट उपयोगच नाही.

मग मराठवाड्याची बाजू जमेची कुठे?

सौदीचे भूजल एकदा उपसले की संपते. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पाणी कमी साठते, पण ते दर पावसाळ्यात भरते. वरच्या थरातली विहीर भरते, ओढा भरतो, पाझर तलाव भरतो. आठशे-हजार फुटांवर गेलेली विंधन विहीर मात्र सौदीच्या वाटेने जाते. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. लातूर जिल्ह्यात फिरणाऱ्या बोअरच्या गाड्या पाहिल्या की त्या कायद्याची किंमत कळते.

पावसाचा लहरीपणाही मोठा आहे. २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणलेल्या याच पट्ट्यात २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने पिके वाहून गेली आणि मुखेड तालुक्यात गावे पाण्याखाली गेली. दोन्ही वर्षांत दोष फक्त आभाळाला देता येणार नाही.

काय करता येईल?

सौदीने धडा घेतला तो शेतकऱ्याला उपदेश करून नव्हे, खरेदीचे धोरण बदलून. आठ वर्षांची मुदत आधीच जाहीर करून. पण तिथे पर्यायाला तेलाचा पैसा होता आणि गव्हाच्या जमिनीतला मोठा वाटा कंपन्यांकडे होता. इथे दोन-चार एकरांचा धनी आहे. त्याच्यासमोर बंदीचा कागद ठेवून चालणार नाही.

उसाला आहे तशी खरेदीची खात्री तूर, सोयाबीन आणि करडईला मिळाली, तर बंदीची गरजच उरणार नाही. त्यासाठी खरेदी केंद्रे काढणीच्या आधी सुरू व्हावी लागतील आणि खरेदीला मध्येच स्थगिती मिळता कामा नये. नव्या कारखान्यांना व डिस्टिलरींना परवाना देताना त्या खोऱ्यातले पिण्याचे पाणी आधी मोजावे लागेल. मांजरा धरणातला लातूरच्या नळाचा वाटा हंगामाच्या सुरुवातीलाच बाजूला काढून तो जाहीर करावा लागेल. मे महिन्यात मृतसाठ्याकडे बोट दाखवून उपयोग नसतो.

यातल्या एकाही गोष्टीला समुद्र लागत नाही, ३४२ किलोमीटरची रेल्वेही लागत नाही. मांजरा धरण भरलेले असते त्या वर्षी हे निर्णय घेणे सोपे असते. नेमके त्याच वर्षी ते कोणाला सुचत नाहीत आणि उसाची लागण वाढते.