चार तासांची वेठबिगार

१९७६ साली या देशाच्या संसदेने दोन कायदे केले. एकाने वेठबिगारी मोडीत काढली. दुसऱ्याने शहरांतली मोकळी जमीन मूठभरांच्या ताब्यात पडून राहू नये म्हणून तिच्यावर कमाल मर्यादा घातली. हा दुसरा कायदा महाराष्ट्राने २००७च्या नोव्हेंबरात स्वतःच्या हाताने गुंडाळला. जिवंत होता तेव्हाही सवलती देऊन देऊन त्याची चाळण करून ठेवली होतीच. पहिला अजून पुस्तकात आहे. पण जी लाखो माणसे मुंबईत कामाला लागतात आणि मुंबईत राहायला चालत नाहीत, त्यांच्याकडून रोज चार तासांची बिनपगारी बिगार वसूल होते, तिला कोणते कलम लावायचे?

घर घ्यायला निघालेले प्रत्येक जोडपे हा हिशेब कागदावर मांडते. मुलुंड-भांडुपला वन बीएचके म्हटले की कोटीची भाषा सुरू होते. बदलापूरला तेवढेच घर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळते. शहाण्यासुरत्यांचा सल्ला तयार असतो: ‘प्रवासाचा वेळही धरा बरं का हिशेबात!’ ठीक आहे, धरू. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. गाडीत दीड तास. शेअर रिक्षाची रांग, फलाटावरची वाट आणि उतरल्यावरची पायपीट मिळून आणखी अर्धा. जाऊन-येऊन चार. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर १०० तास, वर्षाला १,२००, म्हणजे अहोरात्र मोजलेले पुरे ५० दिवस. गृहकर्ज वीस वर्षांचे. तेवढ्यात हजार दिवस प्रवासात. महिना ३० हजार कमावणाऱ्याचा तास दीडशे रुपयांना पडतो. त्या भावाने त्याचे प्रवासातले १०० तास १५ हजारांचे झाले. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षे १५ हजारांचा हप्ता भरला तर सतरा लाखांच्या आसपासचे कर्ज फिटते. नवराबायको दोघे नोकरी करत असतील तर चौतीस लाखांचे.

आता बेरीज करा. बदलापूरच्या घराची किंमत, अधिक दोन माणसांच्या आयुष्यातल्या दोन हजार दिवसांची किंमत. तरीही आकडा भांडुपच्या कोटीला शिवत नाही! म्हणजे दोन जिवांची ऐन उमेदीची वर्षे तराजूत टाकली तरी भांडुपचे साडेतीनशे-चारशे चौरस फूट जडच. शिवाय वाचलेला वेळ बँक तारण घेत नाही. तिला पगाराची स्लिप लागते. तेव्हा बदलापूर, टिटवाळा, विरार गाठणाऱ्या कारकुनाला, नर्सला, दुकानातल्या सेल्समनला कोणी मूर्ख समजू नये. त्यांचे गणित चोख आहे. ज्या सरकारच्या अमलाखाली हे गणित असे सुटते, त्या सरकारला आम्ही जाब विचारत आहोत.

ही वसुली कशी होते ते सकाळी साडेसहाला बदलापूरच्या फलाटावर दिसते. गाडी थांबण्याची वाट पाहिली तर सीट जाते, म्हणून पोरे धावत्या डब्यात उड्या घेतात. तरी खिडक्या आधीच गेलेल्या असतात, कारण अंबरनाथची माणसे उलटी ‘डाऊन’ करून येऊन बसलेली असतात; त्यावरून रोजची बाचाबाची. तिघांच्या बाकावर चौथी सीट, म्हणजे अर्धे बूड बाकावर आणि अर्धे हवेत. तीही मिळायला डब्यात ओळख लागते. बायकांच्या डब्यात कोणी गवार मोडते आहे, कोणी पोराच्या वहीला कव्हर घालते आहे, कोणी क्लचर दातांत धरून केस विंचरते आहे. या दृश्यावर आमच्याकडे फार गोड गोड लेख लिहिले जातात. डब्यातली भजने, डब्यातले डोहाळजेवण, डब्यातला दसरा, आणि शेवटी ‘मुंबईचे स्पिरिट’! गवार घरी मोडायची असते. ती गाडीत मोडावी लागते, कारण रात्री घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात आणि कुकर आधी लावायचा असतो. या ओढाताणीला स्पिरिट म्हणणाऱ्यांची आम्हाला शिसारी येते.

आणि आत शिरता येते ते नशीबवान. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसे, याला रेल्वेच्या कागदांत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे भारदस्त नाव आहे. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसे मेली. दिवसाला सात! जनावरांसारख्या या वाहतुकीची उच्च न्यायालयाला लाज वाटली. ज्यांना वाटायला हवी होती ते पुढच्या भूमिपूजनाला निघून गेले. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारी माणसे एकमेकांना घासून खाली पडली, चार जण त्याच दिवशी गेले. त्यावर उपाय काय निघाला? गाड्यांना आपोआप मिटणारी दारे बसवू. दारे जरूर बसवा. पण दारात लटकणारा माणूस हौसेने लटकत नव्हता. दार मिटल्यावर तो फलाटावर राहणार आणि त्याचा लेटमार्क लागणार, त्याची सोय कोणत्या निविदेत आहे? ठाणे-दिवा ही जेमतेम साडेनऊ किलोमीटरची पाचवी-सहावी मार्गिका २००८च्या मंजुरीतली. ती २०२२च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तोवर कल्याणपलीकडे किती टॉवर उभे राहिले ते खिडकीतून मोजता येतात. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका २०१९ला मंजूर झाली, तिचे रडगाणे अजून चालू आहे. मोटारवाल्यांचे मात्र काही अडत नाही. साडेदहा किलोमीटरचा सागरी किनारा मार्ग झाला, अटल सेतू झाला. दोन्हींवर रिक्षा आणि दुचाकीला बंदी.

मंत्र्यांनी एकदा लोकलने यावे, अशी पोरकट मागणी आम्ही करणार नाही. ते येतात. त्यांच्यासाठी डबा मोकळा होतो, फोटो निघतात, आणि त्या दिवशी सामान्य माणसाची गाडी दहा मिनिटे उशिरा सुटते.

हे अंतर देवाने घातलेले नाही. ते कोणी घातले त्याचा इतिहास जुना नाही आणि अवघडही नाही. १९२०च्या दशकात परक्या सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीत मिळून २०७ बीडीडी चाळी बांधल्या. त्या इंग्रजाच्या पोटात कामगारांविषयी माया दाटून आली होती असे कोणी समजू नये. खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्याच्या टोकाला. पण भोंगा वाजला की माणूस पायी गिरणीत पोचला पाहिजे, एवढा व्यवहार त्याला कळत होता. स्वराज्याच्या सरकारला तेवढाही कळला नाही, किंवा कळून वळवायचा नव्हता. १९८२चा संप झाला, गिरण्या बसल्या, गिरणगावची सुमारे ६०० एकर जमीन उघडी पडली. १९९१च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरले: एक पालिकेच्या मैदानांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१मध्ये त्या नियमात फेरफार झाला, वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जागेची असे ठरले, आणि म्हाडाचा वाटा आटून गेला. आज तिथे मॉल आहेत, काचेची ऑफिसे आहेत आणि पन्नास मजली इमारती आहेत. त्या ऑफिसांत काम करणारा माणूस बदलापूरहून येतो.

नवी मुंबईचे काय केले? १९७०मध्ये सिडको स्थापन झाली ती मुंबईतली कामे खाडीपलीकडे न्यावीत म्हणून. ज्या वास्तुविशारदांनी ही कल्पना मांडली त्यांचे म्हणणे सरळ होते: सरकारने आधी आपली कचेरी हलवावी, बाकीचे मागोमाग येतील. सरकार हलले नाही. उलट त्याच दशकात समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंटला टॉवर उभे केले. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल झाले. तिथे सोन्याच्या भावाने भूखंड विकले, लाखो खुर्च्या मांडल्या, आणि त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी झोपायचे कुठे हा प्रश्न मध्य रेल्वेवर सोडून दिला.

पवईचे उदाहरण तर शाळेच्या पुस्तकात घालावे असे आहे. १९८६मध्ये २३० एकर जमीन हेक्टरी एक रुपया अशा नाममात्र भाड्याने बिल्डरला दिली गेली. अट एवढीच, की सामान्यांना परवडणारी ४० आणि ८० चौरस मीटरची घरे बांधायची. घरे झाली ती ग्रीक खांबांची आणि घुमटांची. अटीतली छोटी घरे बांधा, असे उच्च न्यायालयाला २०१२मध्ये बजावावे लागले. मधल्या पाव शतकात सरकार नावाची वस्तू काय करत होती?

एवढे सगळे होऊन लाज शिल्लक असेल अशी कोणाची समजूत असेल तर त्याने मार्च २०२४चा शासन निर्णय वाचावा. ज्यांच्या घामावर परळ-लालबाग उभे राहिले त्या गिरणी कामगारांना घरे कुठे द्यायची ठरली? शेलू आणि वांगणीला! बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर, ८१ हजार घरे. तीही फुकट नाहीत, साडेनऊ लाखांना. आणि जो तिकडे जायला नकार देईल त्याचा हक्क संपला असे कलमच घातले. जुलै २०२५मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांची मुले आझाद मैदानावर जमली, तेव्हा ते कलम काढण्याचे आश्वासन द्यावे लागले. ज्या वांगणीची ही बक्षिसी होती, तिथेच २०१९च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले होते.

बरे, एवढ्या लांब जाऊन घेतलेले घर तरी पायाखाली राहील? डोंबिवली परिसरात ६५ इमारतींनी पालिकेची परवानगी खोटी बनवून, तिच्यावर महारेराचा नोंदणी क्रमांकही पदरात पाडून घेतला. २०२४च्या नोव्हेंबरात न्यायालयाने त्या पाडायचा हुकूम दिला. नालासोपाऱ्यात ४१ इमारती पाडल्या. ती जागा सांडपाणी प्रकल्पाला आणि कचराभूमीला राखीव होती. विकत घेणाऱ्याने मुद्रांक शुल्क भरले होते, ते सरकारने मुकाट घेतले होते. घरपट्टी चालली, वीजमीटर चालला, बेकायदा काय ते फक्त घर! बिल्डर मोकळा, अधिकारी बढतीवर, आणि हप्ता मात्र बँक पाडलेल्या घरावरही वसूल करते.

काही अर्थपंडित आम्हाला मागणी-पुरवठा शिकवायला येतील. त्यांनी २०११ची जनगणना उघडावी. मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास घरे कुलूपबंद सापडली होती. ‘मग म्हाडाचा अर्ज भरा’ असे सांगणाऱ्यांसाठी २०२३ची मुंबईची सोडत आहे: ४,०८२ घरे आणि सव्वा लाखाच्या जवळपास अर्ज, आणि त्याच यादीत ताडदेवला साडेसात कोटींवरचे एक घर. गरिबांच्या मंडळाच्या सोडतीत साडेसात कोटी! सिडकोने २०२५मध्ये वाशीला अल्प उत्पन्न गटासाठी लावलेला भाव ७४ लाखांचा. आणि २०२२च्या मार्चमध्ये, विधिमंडळाच्या भर सभागृहात, घराची पहिली काळजी कोणाची वाहिली गेली? आमदारांची. गोरेगावात ३०० घरे देण्याची घोषणा झाली. त्यावर लोक खवळले. आमदाराने चार तास प्रवास करणे सरकारला बघवेना, एवढा कनवाळूपणा आहे तर तो मतदाराकडे वळवायला काय हरकत होती?

कचेऱ्यांच्या वेळा पुढेमागे करा, अशी पत्रे मध्य रेल्वेने कंपन्यांना धाडली. रेल्वेने निदान पत्र तरी लिहिले. राज्याच्या महारेराने घरांच्या जाहिरातींच्या फलकांना क्यूआर कोड सक्तीचा केला आणि ग्राहक सुरक्षित झाला म्हणून पाठ थोपटून घेतली. भिवंडीजवळच्या माळाला ‘अप्पर ठाणे’ म्हणणाऱ्या आणि बदलापूरपासून मुंबई तासाभरावर आणून ठेवणाऱ्या त्याच फलकांवर, सकाळी आठच्या गाडीने घरापासून फोर्टातल्या कचेरीपर्यंत लागणारा खरा वेळ छापण्याची सक्ती करा. कल्याणपलीकडच्या प्रत्येक नव्या टॉवरचे भोगवटा प्रमाणपत्र त्या स्थानकावरून वाढलेल्या गाड्यांशी बांधा; गाडी नाही तर प्रमाणपत्र नाही. बिल्डर बोंब मारतील. मारू द्या. ते रेल्वे मंत्रालयाच्या दारात मोर्चा घेऊन गेले तर चाळीस वर्षांत प्रवासी संघटनांना जमले नाही ते चार महिन्यांत होईल.

आणि जमीन अजून संपलेली नाही. शिवडी ते भाऊचा धक्का या पट्ट्यात मुंबई बंदराची शेकडो एकर जमीन आहे. हार्बरची लोकल तिच्या कुशीतून जाते. तिच्यावर मरीना, क्रूझ टर्मिनल आणि फिरायच्या बागांची चित्रे वर्षानुवर्षे रंगवली जात आहेत. केंद्रात आणि राज्यात सरकार एकाच आघाडीचे आहे, तेव्हा एकमेकांकडे बोट दाखवण्याचीही सोय उरलेली नाही. महिना ३० हजार कमावणाऱ्याला परवडेल अशी भाड्याची किती घरे तिथे बांधणार, तो आकडा चालू वर्षाच्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवा. शून्य असेल तर शून्य ठेवा, खाली मंत्र्यांच्या सहीसकट.