धातू राहिला, आकार गेला

आपली पहिली विमानवाहू युद्धनौका 'विक्रांत' 1997 मध्ये नौदलातून निवृत्त झाली. पुढे काही वर्षं ती मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती आणि 2014 च्या अखेरीस तिथल्याच दारूखाना भागात तिचं तोडकाम सुरू झालं. तिचं पोलाद वाया गेलं नाही. पुण्याच्या बजाज कंपनीने त्यातलं काही वितळवून 2016 मध्ये मोटारसायकलीसाठी वापरलं. ती गाडी घेणाऱ्यांना अभिमान वाटला आणि तो खराही होता. पण 4 डिसेंबर 1971 ला ज्या नौकेवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले, ती नौका कशी दिसायची हे त्या गाडीच्या टाकीवर हात फिरवून कुणाला कळणार? धातू राहिला, आकार गेला. लढाऊ विमानांच्या डायकास्ट प्रतिकृती जमवणारे लोक याच्या नेमकं उलट काम करतात. त्यांच्या कपाटातला धातू दुसराच असतो, आकार मात्र मूळचा. म्हणून या छंदाला खेळण्यांची हौस न म्हणता नोंद ठेवण्याचं काम म्हणावं, असं माझं मत आहे.

या प्रतिकृती म्हणजे ओतकामच. जस्ताचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात आणि अँटेना, चाकांचे दांडे असे नाजूक भाग प्लास्टिकचे लावतात. संग्राहकांचं आवडतं प्रमाण 1:72. फूट-इंचांच्या हिशेबात ते सहा फुटांना एक इंच असं सरळ बसतं. या प्रमाणाला युद्धकाळाचाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं विमान कोणतं आणि आपलं कोणतं, हे सैनिकांना क्षणात ओळखता यावं म्हणून अशाच मापाच्या प्रतिकृती वापरत. 1942 मध्ये अमेरिकेच्या नौदलाने तिथल्या शाळांतल्या मुलांकडे अशी पाच लाख विमानं करून मागितली. हिशेब सोपा आहे. दहा मीटरवर धरलेली प्रतिकृती डोळ्याला 720 मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. ज्या वस्तूच्या अचूकपणावर माणसांचे जीव अवलंबून होते, तिला नुसतं खेळणं कसं म्हणायचं?

माप सांभाळलं की वस्तू बोलू लागते. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरच्या आकाशात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों एकट्याने पाकिस्तानच्या सेबर विमानांशी लढले आणि धारातीर्थी पडले. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. त्यांचं विमान नॅट. हे पाठ्यपुस्तकातही सापडेल. पण 1:72 मधलं नॅट आणि सेबर शेजारी ठेवून बघावीत. नॅटचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम 9.3 सेंटिमीटर, सेबरचे साडेपंधराच्या पुढे. नॅट इतकं चिमुकलं, की त्याच्या पंखांचा पसारा तळहाताच्या आसपासच भरतो. सेबरच्या वैमानिकाला ते नजरेत धरणं का जड जायचं आणि एवढ्याशा विमानात एकटं बसून अनेकांना सामोरं जाणं म्हणजे काय, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. आणखी एक उदाहरण. ओझरच्या विमान कारखान्यात आधी मिग-21 तयार झाली, पुढे सुखोई-30. मिगचे पंख या मापात दहा सेंटिमीटरांच्या आत, सुखोईचे वीसच्या वर. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या एका कारखान्याने किती मोठा पल्ला गाठला, ते एका फळीवर दिसतं.

पहिला आक्षेप येतो तो युद्धाचा. संहाराची यंत्रं दिवाणखान्यात मांडून मुलांच्या मनात लढाईची ओढ निर्माण होत नाही का? आक्षेप गंभीर आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र आपल्याकडे दिवाळीत दारोदार किल्ले होतात, तेही युद्धाचंच स्थापत्य. कोकणातल्या सावर्ड्याच्या शेजारी डेरवणला शिवसृष्टी उभी आहे. तिथे शिवचरित्रातले प्रसंग शिल्पांत बघणारी मुलं रक्ताची तहान घेऊन बाहेर पडत नाहीत. शिल्पामागची गोष्ट कशी सांगितली जाते, यावर सगळं असतं. विमानाचंही तेच. 1963 मध्ये हवाई दलात आलेलं मिग-21 विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला निवृत्त झालं. त्याच्या पराक्रमाइतकेच त्याचे अपघात आणि त्यात गेलेले तरुण वैमानिकही त्या प्रतिकृतीशेजारच्या चिठ्ठीवर असले पाहिजेत. तशी चिठ्ठी नसेल, तर आक्षेप घेणाऱ्याचं बरोबर आहे, हे मी मान्य करतो.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं आयतं. एकेका विमानाला काही हजार रुपये मोजायचे, यात संग्राहकाचं कर्तृत्व काय? दिवाळीचा किल्ला मुलं निदान स्वतःच्या हाताने करतात. हे खरं आहे. पण त्या किल्ल्यावरचा मावळा अनेकदा महादरवाजाहून उंच असतो. तो बाळबोधपणा किल्ल्याला शोभतो, नोंद म्हणून मात्र तो चालत नाही. संग्राहकाचं कर्तृत्व खरेदीत नसून पारखण्यात असतं. शेपटीवरचा क्रमांक त्या स्क्वाड्रनचाच आहे का, हा रंग त्याच वर्षीचा का, पंखाखालची क्षेपणास्त्रं त्या काळी होती का, हे तपासण्यात असतं. खरं विमान बघायला संग्रहालय आहेच की, असंही कुणी म्हणेल. गोव्यात दाबोळीजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय जरूर बघावं. तिथे सी हॉक आहे, अलिझे आहे, सी हॅरियर आहे. पण संग्रहालयात रोज जाता येत नाही, आणि 'विक्रांत' हेही संग्रहालयच होतं.

कोकणात या संग्रहाला आणखी एक शत्रू आहे, दमट हवा. मिश्रधातूत शिसं मिसळलेलं असेल, तर तो आतून फुगतो, त्याला बारीक चिरा जातात आणि शेवटी तुकडे पडतात. दमटपणा हे सगळं लवकर घडवून आणतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची कितीतरी जुनी डायकास्ट खेळणी अशीच गेली. आज धातू शुद्ध वापरतात, तरी रंग आणि चिकटवलेले भाग यांना पावसाळा मानवत नाही. त्यामुळे काचेचं बंद कपाट, आत ओल शोषणारी सिलिका जेलची पाकिटं आणि दर पावसाळ्यानंतर एकदा तपासणी, एवढं तरी हवंच.

सावर्ड्यात कला महाविद्यालय आहे. प्रमाण म्हणजे काय, हे तिथला शिल्पकलेचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून शिकतो. त्याच गावातल्या एखाद्या शाळेच्या ग्रंथालयात एका मापाची पाच-सहा विमानं, प्रत्येकाखाली त्या विद्यार्थ्यांच्या हातची सुवाच्य चिठ्ठी आणि शेजारी एक मोजपट्टी, एवढी फळी उभी करायला फार पैसे लागणार नाहीत. मोजपट्टीचा आग्रह मी मुद्दाम धरतो. मुलाने नॅटचे पंख मोजावेत, बहात्तरने गुणावेत आणि येणारे जवळपास सहा मीटर सत्तर सेंटिमीटर शाळेच्या अंगणात खडूने आखावेत. मग त्या रेघेच्या मधोमध उभं राहून बघावं. कारखान्याच्या साच्यातून आलेला आकार तेव्हा त्या मुलाचा स्वतःचा होईल, आणि तो कुठल्याही भट्टीत वितळणार नाही.